रेडूभाऊची दवाई

धानोऱ्यात पितांबर गुजराला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारणारी माणसं दोनच, एक त्याची आई आणि दुसरा पोस्टमन. रेडिओला रेडू म्हणणाऱ्या बाकी गावाला तो रेडूभाऊ. केळी आणि कापूस पिकवणाऱ्या घरात हे असलं पात्र कसं जन्माला आलं, हे कोडं त्याच्या भावांना कधी सुटलं नाही. भाऊ शेतात पाणी धरायचे तेव्हा हा बांधावर बसून बंद पडलेलं घड्याळ उघडायचा. उघडलेलं पुन्हा जुळलं तर नशीब. शेवटी बापाने वैतागून त्याला सुरतेला मावशीकडे धाडलं, जिनिंगच्या कामात डोकं घालेल म्हणून. जिनिंगच्या दारात तो शिरलाच नाही. शेजारच्या गल्लीत चुनीलाल मिस्त्री नावाचा एक चिडका रेडिओ-दुरुस्तीवाला होता. त्याच्या ओट्यावर पितांबर जाऊन बसला तो तीन वर्षं बसला.

एकोणसाठ साली तो गावी परतला. त्याच सुमाराला ग्रामपंचायतीला सरकारी रेडिओ मिळाला होता आणि महिन्याभरात त्याची दातखीळ बसली होती. पितांबरने तो पाऊण तासात बोलता केला. सरपंच हिंमतराव पाटलांनी त्याच्या पाठीवर थाप मारली, म्हाताऱ्या बायांनी आतल्या माणसाला चहा पाजतोस की नाही म्हणून विचारलं, आणि पितांबरने घराच्या पडवीत दुकान मांडलं. माणूस वाईट नव्हता. कामाला चोख, बोलायला गोड. फक्त एक खोड होती. आवडीचं काम तो आज करायचा आणि नावडीचं उद्या.

चौसष्ट-पासष्टच्या सुमाराला ट्रान्झिस्टर आले आणि पितांबरला स्वतः संच बांधायचं वेड लागलं. त्यासाठी एक पाटी लागते, वर तांब्याचा पातळ पत्रा चिकटवलेली. त्या तांब्यावर काळ्या डांबरी रंगाने बारीक रेघा काढायच्या आणि पाटी चिनी मातीच्या बशीत फेरिक क्लोराईडच्या लालसर पाण्यात बुडवायची. ते पाणी उघडं तांबं खाऊन टाकतं. रंगाखालचं तेवढं उरतं, आणि रंग रॉकेलने पुसला की खाली तांब्याच्या वाटा दिसतात. त्याची बायको रंजनाबाई म्हणायची की हे मेंदीसारखंच, नक्षी काढा, वाळवा, धुवा. पितांबरला ही उपमा इतकी आवडली होती की तो गिऱ्हाइकांनाही तीच सांगायचा.

मेंदी धुतलेलं पाणी मोरीत ओततात. हे पाणी मोरीत ओतायचं नसतं. चुनीलाल मिस्त्रीने ही गोष्ट त्याच्या डोक्यात ठोकून ठोकून बसवली होती. खाल्लेलं तांबं त्या पाण्यातच असतं, ते मातीत गेलं तर पीक जाळतं, पाण्यात गेलं तर पोट जाळतं. म्हणून त्यात धुण्याचा सोडा घालायचा, चिमूट चिमूट, कारण ते फसफसून वर येतं. हळदीत भिजवून वाळवलेला कागद त्यात बुडवून पाहायचा. कागद पिवळा राहिला तर सोडा कमी आहे. कुंकवासारखा लाल झाला की हात आवरायचा. मग रात्रभर ठेवलं की सगळं तांबं हिरवट गाळ होऊन तळाशी बसतं. वरच्या नितळ पाण्यात घासलेला खिळा टाकून बघायचा, त्याच्यावर तांबं चढलं नाही तर ते पाणी सोडायचं. गाळ वाळवून सिमेंटमध्ये कालवायचा आणि विहिरीपासून लांब, उंच कोरड्या जागी पुरायचा. चुनीलालचं म्हणणं असं की पाटी करणं हे अर्धं काम, आणि उरलेलं अर्धं जो करत नाही तो मिस्त्री नव्हे.

पितांबरने चार वेळा हे सगळं केलं. पाचव्या वेळी तो वापरलेलं पाणी एका मोठ्या काचेच्या बरणीत ओतून म्हणाला, उद्या करू. मग पुढच्या पाटीचं पाणीही त्यातच गेलं. वर्षभरात बरणी काठोकाठ भरली, आणि पडवीच्या कोपऱ्यात ते लालसर, तळाशी हिरवट झालेलं पाणी गपचूप बसून राहिलं.

रंजनाबाईने एकदा विचारलं होतं की यात आहे तरी काय. खरं उत्तर एका शब्दाचं होतं, विष. पण विष म्हटलं असतं तर बायकोने बरणीसकट त्याला अंगणात काढलं असतं, आणि पडवीत गाणी ऐकायला येणारी माणसं परत आली नसती. म्हणून पितांबर म्हणाला, "दवाई शे, तांबानी दवाई. हात नको लावू." शब्द चटकन सुचला आणि सोयीचा होता. पुढे पोरंबाळं बरणीपाशी घुटमळली की तो तेच सांगायचा, दवाई आहे, दूर व्हा. आपण किती हुशारीने वेळ मारून नेतो याचं त्याला मनातल्या मनात कौतुकही वाटायचं.

त्या घरी शेणगोठा करायला कालीबाई यायची. नाल्यापलीकडच्या भिलाटीत, भिल्लांच्या वस्तीत, तिचं झोपडं. चाळिशीची विधवा, मूळची मोलगीच्या डोंगरातली, बोलायला कमी आणि हाताला जलद. पडवी झाडताना ती बरणीवरची धूळ पदराने पुसायची. दवाई आहे म्हटल्यावर तिचा मान ठेवायला नको का, असा तिचा साधा हिशेब.

सहासष्टच्या मे महिन्यात आजूबाजूला पटकीची साथ आली. अशा वेळी आरोग्य खात्याचा माणूस सायकलवर येतो आणि विहिरींमध्ये लाल दवाई टाकतो, हे सगळ्यांना माहीत. बादलीत जांभळे खडे विरघळवायचे, लालभडक पाणी विहिरीत सोडायचं आणि दोन दिवस गुलाबी पाणी प्यायचं. गावात तो माणूस आला, चार विहिरी केल्या, आणि भिलाटीच्या विहिरीपाशी जायच्या आधी त्याचे खडे संपले. परवा येतो म्हणून गेला. परवा उलटून गेला, तेरवा गेला. उन्हाळ्याने त्या विहिरीत जेमतेम गुडघाभर पाणी होतं आणि सगळी भिलाटी तेच पीत होती.

चौथ्या दिवशी सकाळी पितांबर एका संचाला कान लावून बसला होता. एका हातात तारांना डाग द्यायची तापलेली डागणी, आवाज येतोय न येतोयसा. मागून कालीबाईने काहीतरी विचारलं. त्याच्या कानावर आलं ते एवढंच, की भाऊ, दवाई लई जाऊ का. कोनाड्यात तापाच्या पुड्या असायच्या, रंजनाबाई त्या तिला अधूनमधून द्यायची. त्यातलीच मागत असेल, असं त्याला वाटलं. निदान पुढे कित्येक महिने तो स्वतःला असंच सांगत राहिला. मान न वळवता त्याने घेऊन जायला सांगितलं, "हां, लई जा."

दुपारी जेवायला उठला तेव्हा त्याला बरणी दिसली. रिकामी, स्वच्छ धुतलेली, अंगणात उन्हाला पालथी घातलेली. आता इथे कुणाच्याही काळजात धस्स व्हायला हवं होतं. पितांबरला हायसं वाटलं. वर्षभर डोक्यावर बसलेलं नावडतं काम कुणीतरी परस्पर उरकलं होतं. कुठे ओतलं हे त्याने विचारलं नाही. पुढे सगळ्यात जास्त टोचलं ते हेच हायसं वाटणं.

दुसऱ्या दिवशी भिलाटीत अकरा माणसं ओकायला लागली. पटकीच आली असं समजून त्यांना बैलगाड्यांत घालून नंदुरबारला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की ही पटकी नव्हे, पोटात काहीतरी भलतं गेलंय. माणसं आठवड्याभरात उठली. भिलाटीचा कारभारी वीरसिंग, त्याच्या दोन शेळ्या मात्र गेल्या.

वीरसिंग विहिरीवरची लोखंडी बादली घेऊन चावडीवर आला. पितांबर तिथे पंचायतीचा रेडिओ उघडून बसला होता. रात्रभर पाण्यात राहिलेल्या त्या बादलीचा अर्धा भाग तांब्याचा झाला होता. लोक वाकून वाकून बघत होते. लोखंडाचं तांबं होतं हे कुणी कधी ऐकलं नव्हतं. पितांबरने ऐकलं होतं आणि पाहिलंही होतं. एकदा बरणीत पडलेला त्याचा चाकू असाच तांबडा होऊन निघाला होता. त्याच्या हातातला पेचकस गळून पडला. तो उचलायला वाकला आणि नको तितका वेळ वाकूनच राहिला.

संध्याकाळी पंच बसले. कालीबाईने काही लपवलं नाही. गावच्या विहिरींना दवाई मिळाली, आमच्या विहिरीला नाही, म्हणून रेडूभाऊच्या घरची लाल दवाई मी आणून ओतली, असं तिने सरळ सांगितलं. भाऊला विचारलं होतं, भाऊ लई जा म्हणाला. मग सगळे, हिंमतरावांना मध्ये घेऊन, पितांबरच्या पडवीत आले. कालीबाई मागे उभी होती.

हिंमतरावांनी विचारलं की पितांबर, बाई म्हणते ते खरं का. पितांबरच्या डोळ्यांपुढे पोलीस आला, बंद झालेली पडवी आली, भावांची तोंडं आली. तो म्हणाला, "माले याद नही."

नाही म्हणाला असता तर ते नुसतं खोटं झालं असतं. पण याद नही म्हटल्यावर आपण पुरते खोटारडे नाही असं त्याला वाटलं, आणि ऐकणाऱ्यांना जे समजायचं ते समजलं. मोठ्या घरचा माणूस कशाला लपवेल. बाईनेच न विचारता उचललं असणार. कालीबाईने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि ती वळून चालायला लागली.

शेळ्या मेल्या हे विसरता आलं असतं. लोखंडाचं तांबं झालं हे विसरता येईना. दोन दिवसांनी भिलाटीत कुणीतरी हळू आवाजात डाकीण हा शब्द काढला. हा शब्द एकदा बाईला चिकटला की आधी तिचं पाणी बंद होतं, मग वाट बंद होते, आणि पुढचं बोलू नये. तिसऱ्या दिवशी कालीबाईचं झोपडं रिकामं होतं. मोलगीकडे भावाच्या घरी गेली असं कळलं.

रंजनाबाईने त्या रात्री नवऱ्याला ताट वाढलं आणि समोर बसून म्हणाली, "तुनी लई जा सांगं व्हतं. मी चुल्हापाशी व्हतू, मी आयकं." ती पुढे म्हणाली की पंचांसमोर मीही गप्प बसले, नवऱ्याला खोटं पाडू कशी म्हणून, तेव्हा पाप दोघांचं आहे, पण तोंड तुझं उघडायला हवं. एवढं एकदाच बोलली. दुसऱ्या दिवसापासून गोठा ती स्वतः झाडायला लागली आणि दुसरी बाई ठेवू म्हटलं तर ऐकेना. रोज पहाटे खराट्याचा आवाज आला की पितांबर गोधडीत कूस बदलायचा.

तोंड उघडायचं सोडून त्याने हात चालवले. ज्याला चुकीची कबुली देववत नाही तो चूक निस्तरायच्या मागे लागतो, तशातलं ते. जून लागायच्या आधी विहीर धुवायलाच हवी होती, नाहीतर पाणी वाढलं की ते तांबं नाल्याने सगळीकडे गेलं असतं. पंचायतीत जाऊन त्याने सांगितलं की मला या कामाची माहिती आहे, विहीर मी साफ करतो. भिलाटीला प्यायला पाणी आपल्या मळ्यातून बैलगाडीने द्यायला लावलं.

मग नऊ दिवस तो त्या विहिरीवर होता. वरच्या बरड माळावर त्याने दोन उथळ हौद खोदले, आतून चिकणमातीने लिंपून घेतले. विहिरीतलं पाणी उपसून हौदात, हौदात सोडा, चिमूट चिमूट. रंजनाबाईने हळदीचे कागद करून दिले. कागद पिवळा, अजून सोडा. कागद पिवळा, अजून सोडा. कागद लाल झाला की हात थांबवायचा आणि रात्रभर वाट पाहायची. विहिरीत उतरून त्याने स्वतः कपारी खरवडल्या, तळाचा गाळ घमेल्याने वर दिला, दगड चुन्याने घासले. नव्याने पाझरलेलं पाणी दोनदा उपसून टाकलं, तेही हौदातून. तिसऱ्या पाण्यात त्याने घासलेले पाच खिळे दोऱ्याला बांधून सोडले. सकाळी वर काढले तेव्हा पाचही खिळे लोखंडाचेच होते. एकावरही तांब्याचा ठिपका नव्हता. वाळलेला हिरवा गाळ त्याने सिमेंटमध्ये कालवला, त्याचे ठोकळे केले आणि माळावर कमरेइतक्या खड्ड्यात पुरून वर दगड रचले. पहिलं तांब्याभर पाणी तो वीरसिंगच्या समोर प्यायला. मग दोन दिवसांनी भिलाटीने पिऊन पाहिलं.

चुनीलाल मिस्त्रीने हे काम बघितलं असतं तर चिडायला त्याला जागा सापडली नसती. आणि गावाने काय केलं? गावाने पितांबरला डोक्यावर घेतलं. गुजराचा माणूस भिल्लांच्या विहिरीत उतरला, कपारी खरवडल्या, स्वतःच्या मळ्याचं पाणी दिलं. जो तो हेच बोलायचा. कुणी तोंडावर कौतुक केलं की पितांबर हसायचा आणि घरी येऊन त्याला जेवण जायचं नाही. कौतुकाची शिक्षा ही अशी, तिच्याविरुद्ध तक्रारही करता येत नाही. कालीबाईचं झोपडं पावसाळ्यात एका बाजूने बसलं. विहिरीकडे जाताना ते वाटेतच लागायचं.

सदुसष्टच्या सव्वीस जानेवारीला हिंमतरावांनी त्याचा सत्कार ठेवला. शाळेच्या पटांगणात झेंडा, गूळ-खोबरं, आणि कर्णा लावायचं काम अर्थात सत्कारमूर्तीकडेच. पितांबरने सकाळी स्वतः तारा जोडल्या, माईक फुंकून पाहिला. हिंमतराव बराच वेळ बोलले. मग नारळ हातात घेऊन त्यांनी त्याला दोन शब्द बोलायला सांगितलं.

रंजनाबाई बायांमध्ये मागे बसली होती. पितांबरने तिच्याकडे पाहिलं नाही. माईक धरून तो म्हणाला, "बरणी मन्ही व्हती. तिम्हान इख व्हतं, मी तिले दवाई म्हनू. कालीबाईनी इचारं तवय लई जा मीच सांगं. मंग पंचस्ना म्होरे याद नही तेबी मीच सांगं. माले याद व्हतं."

कर्ण्याने ते शब्द भिलाटीपर्यंत पोचवले. पितांबरला वाटलं, आता कुणीतरी उठेल, शिवी देईल, दगड मारेल, आणि त्याला ते हवंच होतं. पण हिंमतराव जुने खेळाडू. त्यांनी माईक आपल्याकडे ओढला आणि म्हणाले की बघा, असं भर सभेत खरं बोलायला वाघाचं काळीज लागतं, वाजवा टाळ्या. टाळ्या वाजल्या. वीरसिंगनेही वाजवल्या. शाल अंगावर पडली आणि पितांबर तिच्याखाली घामाने भिजला.

त्याच आठवड्यात वीरसिंग आणि पितांबर मोलगीला गेले. पंचांनी एकमताने ठरवलं होतं की बाईचा दोष नाही, तिला मानाने परत आणायचं. बाजाराच्या जीपने मोलगीपर्यंत आणि पुढे दोन तास चालत. कालीबाई भावाच्या अंगणात सुपात भगर पाखडत होती. अंगाने वाळली होती. तिने दोघांना खाट टाकून दिली, पाणी दिलं, आणि पुन्हा सूप हातात घेतलं.

वीरसिंगने सगळी हकीकत सांगितली. सांगता सांगता तोही रंगात आला. साऱ्या गावासमोर रेडूभाऊ कसा उभा राहिला, कर्ण्यातून कसं बोलला, एवढा मोठा माणूस पण मन किती मोठं, लोकांच्या डोळ्यांत कसं पाणी आलं. डाकीण म्हणणारीच आता म्हणताहेत की कालीबाईला आणा. पितांबर मान खाली घालून बसला होता. वीरसिंग थांबल्यावर तो कसाबसा म्हणाला की बाई, माझ्या हातून फार मोठा गुन्हा झाला, तू म्हणशील ती शिक्षा मला दे.

कालीबाईने सूप खाली ठेवलं. आवाज चढवला नाही.

"भाऊ, तुनी आते सांगी ती गोट मी त्याच दिन सांगी व्हती. जशीनी तशी. मन्ही व्हती तवय कोनी आयकी नही. तुन्ही झायी, मंग खरी झायी."

वीरसिंगने घसा खाकरला आणि दुसरीकडे पाहिलं. कालीबाई म्हणाली की घर माझं आहे, मी परत येईन, पण तुमच्याबरोबर नाही. उद्या माझी मी येईन.

मग तिने सूप उचललं आणि उरलेली भगर पाखडायला घेतली. दोघं जीपची वेळ गाठायला निघाले, आणि सबंध उतारावर पितांबर वीरसिंगच्या मागे मागे चालत राहिला.